कमिटी मागच्या जिन्यानं उतरली

आमची इमारत खचली असं मी एका रविवारी सकाळी जाहीर केलं, तेव्हा माझ्या अंगात इस्त्रीचा शर्ट होता आणि हातात उपटून आलेली दाराची मूठ.

इमारत बारामतीतली, दुसऱ्या महायुद्धाच्या आधी सहकारी सोसायटीनं बांधलेली. दीड हात जाड भिंती, सागवानी दारं, आणि छत इतकं उंच की पंख्याचा वारा वरच्या वरच संपतो. पहिल्या मजल्यावर आम्ही भाड्यानं राहत होतो. मालक तोच फ्लॅट आम्हाला विकायला तयार होता. फक्त कमिटीनं सभासद करून घ्यायला हवं होतं. त्यासाठीच त्या दिवशी खालच्या हॉलमध्ये बोलावलं होतं. मी घराण्यातला पहिला पदवीधर, त्यातही सिव्हिल इंजिनिअर (आजवर बांधल्या त्या फक्त पाण्याच्या टाक्या, पण डिग्रीवर तसं लिहिलेलं नसतं). नकार द्यायला कमिटीकडं कारणच नव्हतं.

निघताना दार ओढलं. उघडेना.

"आवं, लॅच फिरवा की," बायको म्हणाली.

"फिरवलंय. लाकूड फुगलंय. सागवानाचं असंच असतं," म्हणत मी जोर लावला. मूठ हातात आली.

"ह्येबी सागवानाचंच का?"

एवढ्यात समोरच्या फ्लॅटमधून चेअरमनकाका आतून दार बडवायला लागले. खालून सेक्रेटरीबाईंचा तोच धडधडाट. माझ्यातला इंजिनिअर जागा झाला. एक दार अडकलं तर लाकूड. सगळी अडकली तर पाया! मी मागच्या सामाईक गॅलरीत धावलो.

"काका, पाया बसलाय! चौकटी आवळल्यात. मागच्या जिन्यानं बाहेर पडा!"

मागचा जिना लोखंडी, गोल. संडास साफ करणाऱ्यांनी पुढून यायचं नाही म्हणून त्या काळी काढलेला. माझ्या आज्याला इथूनच चढवलं असतं. आज त्यावरून अख्खी कमिटी उतरली: चेअरमनकाका लुंगीवर, अर्धा गाल साबणात, खजिनदार मिक्सर पोटाशी धरून. सेक्रेटरीबाई स्वयंपाकघराच्या मागल्या दारानं अंगणात आल्या.

"तरी मी म्हणत होतो, बिल्डरला देऊन टाका," खजिनदार म्हणाले.

"आता तेच," चेअरमनकाकांनी सुस्कारा सोडला. "नवे सभासद बंद. इमारतच पाडायची म्हटल्यावर कसला फ्लॅट अन् कसलं काय."

बायकोनं माझ्याकडं पाहिलं. अजून न घेतलेलं घर मी स्वतःच्या तोंडानं पाडलं होतं.

तेवढ्यात आबा, म्हणजे माझे वडील, मेथीची पिशवी घेऊन फाटकातून आले. सणसरहून आदल्याच संध्याकाळी आमच्याकडं आलेले.

"समदी भाईर का?"

"आबा, पुढं जाऊ नका," मी ओरडलो. "इमारत खचलीय. एकाचंबी दार उघडंना."

"उघडंल कसं? कड्या लावल्यात म्या भाईरनं."

चेअरमनकाकांनी लुंगीच्या टोकानं गालावरचा साबण पुसला.

"सकाळी निघालो तर समद्यांची दारं नुसती लोटल्याली. म्हटलं, झोपल्यात बिचारी. कुत्रं शिरंल, शेरडू शिरंल. आमच्यात निघणारा माणूस कडी लावूनच निघतो. म्हणून उतरता उतरता समद्यांच्या लावल्या. तुमच्यात लावत न्हाईत व्हय?"

(लॅच आल्यापासून त्या बाहेरच्या कड्यांना कुणी हात लावला नव्हता. मी तर त्या शोभेच्या समजत होतो.)

चेअरमनकाकांनी भिंतीवर हात ठेवला. "म्हणजे इमारत धड आहे?"

"म्हातारी हाय, पर माझ्यापरीस धड हाय."

काका हसायला लागले ते हसता हसता पायरीवरच बसले. मग खजिनदार मिक्सरसकट बसले.

"मीटिंग इथंच उरकू," काका म्हणाले. "ह्यांना सभासद करायला कुणाची हरकत?"

कुणाचीच नव्हती.

"आबा, दारांची काळजी करणारा माणूस आम्हाला हवाच. पण इंजिनिअरसाहेब, एक अट. इमारतीबद्दल कुणी काही विचारलं, तर तुम्ही तोंड उघडायचं नाही."

मी आनंदानं मान डोलावली. वर जाता जाता बायकोनं त्या अटीतलं 'इमारतीबद्दल' तेवढं काढून टाकलं.