लिंबाखालची मनःशांती

बडबड करून गोत्यात आलेली माणसं तुम्ही पुष्कळ पाहिली असतील. मी गप्प बसून गोत्यात आलोय. चहा आधी संपवा, मग सांगतो, नाहीतर हसण्याच्या नादात सांडाल. हसा हो, माझं काही म्हणणं नाही. इतक्या वर्षांनी मलाही थोडं थोडं हसू यायला लागलंय.

गोष्ट नव्वदच्या आसपासची. माझी नोकरी धुळ्याला, एका सरकारी कचेरीत, आणि बिऱ्हाड जळगावला. बायको जळगावच्या शाळेत शिकवायची, आई अंथरुणाला खिळलेली, पोरं लहान. बिऱ्हाड हलवायचा प्रश्नच नव्हता, म्हणून मीच हलायचो. रोज अप-डाउन. पहाटेची एसटी, एरंडोल, पारोळा, धुळे. संध्याकाळी धुळे, पारोळा, एरंडोल. मी निघायचो तेव्हा पोरं झोपलेली आणि पोचायचो तेव्हाही झोपलेली. धाकटी तर मला रविवारचा पाहुणाच समजायची. थकलो होतो हो मी. थकलो म्हणजे किती? कंडक्टरने नुसतं तिकीट विचारलं तरी रडू यायचं.

जळगावला बदली मिळावी म्हणून अर्ज केलेला होता. साहेब नवे होते, माणूस तसा वाईट नव्हता, पण अर्जाचं विचारलं की "बघू" म्हणायचे. सरकारी "बघू" म्हणजे काय ते तुम्हाला मी सांगायला नको. आई रोज विचारायची, झाली का रे बदली? मी रोज सांगायचो, होईल.

अशात माझं प्रेशर वाढलं. डॉक्टर म्हणाले, गोळ्या देतो, पण मन शांत ठेवा. आता मन ही काय फॅनसारखी गोष्ट आहे का, बटण दाबलं की बंद? मी आमच्या कॉलनीतल्या नानांकडे गेलो. नाना रिटायर्ड हेडमास्तर, रोज सकाळी ध्यानाला बसायचे आणि गल्लीत कितीही भांडण होवो, त्यांचा चेहरा ढिम्म असायचा. मला तसाच चेहरा हवा होता.

नानांनी सगळं नीट समजावलं. रिकाम्या पोटी बसायचं. डोळे मिटायचे आणि श्वास येतो-जातो तो नुसता बघायचा. आवाज आला तर मनात म्हणायचं, आवाज आला, आणि सोडून द्यायचा. अंगावर खाज येईल, गार वाटेल, गरम वाटेल, तेही सोडून द्यायचं. विचार येतील, त्यांच्या मागे जायचं नाही. "आणि महाजन," नाना म्हणाले, "काहीही झालं तरी डोळे उघडायचे नाहीत. तिथेच सगळे हरतात."

मी ठरवलं, आपण हरायचं नाही.

पण बसू कुठे? घरी शेजारी पिठाची गिरणी. एसटीत डोळे मिटले तर थेट धुळ्याच्या स्टँडवरच उघडले, तेही एका अनोळखी गृहस्थाच्या खांद्यावर. ऑफिसात तर विचारूच नका. उरली जेवणाची सुट्टी, आणि ऑफिसच्या गेटजवळचं लिंबाचं झाड. छान सावली होती. एके दिवशी मी डबा तसाच टेबलावर ठेवला, कपाटातली एक जुनी पांढरी चादर घेतली, झाडाखाली अंथरली, मांडी घातली आणि डोळे मिटले.

आता एक गोष्ट तुम्हाला सांगायची राहिली. त्या लिंबाखाली तोवर दोनच गोष्टी होत आल्या होत्या. एक म्हणजे लोक सायकली लावायचे, आणि दुसरं म्हणजे उपोषणाला बसायचे. कुणाची पेन्शन अडली, कुणाला कामावरून काढलं, की चादर पडलीच त्या झाडाखाली. हे मला माहीत नव्हतं का? चांगलं माहीत होतं. दोन वेळा मीही तिथे जाऊन हार घालून आलो होतो. पण त्या दिवशी मन इतकं थकलेलं की डोक्यात आलंच नाही.

पहिल्यांदा आले ते आमचे शिपाई भिका आबा. मला पाहून थांबले असावेत, कारण त्यांच्या वहाणांचा आवाज जवळ येऊन बंद झाला.

"काय व्हयनं भाऊ? जेवनं नही का?"

आवाज आला, मी मनात म्हटलं, आणि सोडून दिला. पहिल्याच दिवशी जमलं म्हणून बरं वाटलं. आबांनी आणखी एकदा विचारलं, मी तेही सोडलं. मग आबा आत गेले. तिथे त्यांनी माझा भरलेला डबा पाहिला, आणि नंतर कळलं त्याप्रमाणे सगळ्या ऑफिसला सांगितलं की भाऊ जेवत बी नही नि बोलत बी नही. माझा बदलीचा अर्ज पडून आहे हे सगळ्यांना ठाऊक होतंच. पुढचा हिशोब त्यांनी त्यांचा त्यांनी केला.

मी आपला श्वास बघतोय. पुष्कळ पावलं आली. कुजबुज आली. कुणीतरी म्हणालं, शेवटी बसला बिचारा. सोडून दिलं. मग मानेवर काहीतरी ओलं आणि गार लागलं. एका क्षणी डोळे उघडणारच होते, पण नानांनी सांगितलं होतं ना, गार वाटेल म्हणून! मी मनातल्या मनात नानांना नमस्कार केला. झेंडूचा वासही येत होता. मला वाटलं, ध्यान फारच खोल लागलंय.

आणि मग ते सुरू झालं. "महाजन, तुम आगे बढो! हम तुम्हारे साथ हैं!"

तुम्ही म्हणाल, अरे माणसा, आता तरी डोळे उघड. पण मी काय विचार केला सांगू? मी म्हटलं, हा अहंकार. मन आपलंच नाव मोठ्याने ऐकवतंय. याच्या मागे जायचं नाही. मी पाठ आणखी ताठ केली, आणि घोषणा दुप्पट झाल्या. आमच्या युनियनचे सोनवणे अण्णा नंतर कितीतरी दिवस सांगत होते, की आयुष्यात खूप उपोषणं पाहिली, पण इतका निश्चयी चेहरा पाहिला नाही.

"भाऊ, डोया उघाडा," आबा कानाशी म्हणाले. "साहेब उनात."

साहेब म्हटल्यावर मात्र ध्यान मोडलं. इथे मी हरलो, नानांना कधी सांगितलं नाही. डोळे उघडले तर समोर साहेब वाकलेले, हातात मोसंबीच्या रसाचा ग्लास. मागे सगळं ऑफिस. बाजूला कॅमेरा घेतलेला एक पेपरवाला. गळ्यात माझ्या हार.

उन्हाळ्याचे दिवस, पोटात काही नाही, घशाला कोरड. आणि खरं सांगतो, मला वाटलं, साहेबांना माझ्या प्रेशरचं कळलं असावं. किती चांगला माणूस! मी "थँक्यू साहेब" म्हटलं आणि रस एका दमात पिऊन टाकला.

टाळ्यांचा कडकडाट झाला. पेपरवाल्याने फोटो घेतला. सोनवणे अण्णांनी साहेबांच्या आश्वासनानंतर उपोषण मागे घेतल्याचं जाहीर केलं. जेवणाच्या सुट्टीत बसून जेवणाच्या सुट्टीतच सुटलेलं असं उपोषण धुळ्यात दुसरं झालं नसेल.

साहेबांनी मला केबिनमध्ये नेलं. दार लावलं. बिचारे घामाघूम झाले होते. दुसऱ्या दिवशी त्यांची वरच्या साहेबांबरोबर मीटिंग होती, आणि दारात उपोषण चालू असलेलं त्यांना परवडणारं नव्हतं.

"महाजन, अहो एकदा सांगायचं तरी. तुमची जळगावची ऑर्डर टायपिंगला दिलीय. संध्याकाळी घेऊन जा. फक्त युनियनला सांगा, आता वाढवू नका."

ऐकलंत? जळगावची ऑर्डर! टायपिंगला! आईचं रोजचं विचारणं संपलं. पहाटेची एसटी संपली. मी फक्त मान हलवायची होती आणि बाहेर यायचं होतं.

पण मला इतकं शांत, इतकं हलकं वाटत होतं की काय सांगू. मनात काही लपवावंसंच वाटेना. त्यातून साहेबांनी मला दबाव आणणाऱ्यांतला समजावं हे बरं वाटेना. मी म्हटलं, "साहेब, तुमचा गैरसमज होतोय. मी उपोषणाला बसलोच नव्हतो."

साहेबांनी रुमाल खाली ठेवला. "मग?"

"मी मन शांत करत होतो."

साहेबांनी रुमालाची घडी घालून तो खिशात ठेवला. कपाळावरचा घाम वाळला असावा. मग त्यांनी बेल मारली आणि टायपिस्ट पवारबाईंना आत बोलावलं.

"बाई, ती महाजनांची ऑर्डर. नाव तेच राहू द्या, गाव बदला." माझ्याकडे वळून ते अगदी प्रेमाने म्हणाले, "तुम्हाला धडगावला पाठवतो. सातपुड्यात. तिथे मन फार शांत होतं."

मी धावत सोनवणे अण्णांकडे गेलो. ते म्हणाले, उपोषण केलंच नाही असं तुम्हीच साहेबांना सांगून आलात, आता आम्ही भांडायचं कशाच्या जोरावर? हार मात्र त्यांनी परत मागितला नाही. घरी गेलो तर आईने विचारलं, झाली का रे बदली? मी म्हटलं, झाली. तिला इतका आनंद झाला की गावाचं नाव मी सकाळपर्यंत सांगितलं नाही. आणि सांगितल्यावर तिने पुन्हा काही विचारलं नाही, तेच जास्त लागलं.

धडगावला साहेब म्हणाले तशी शांतता होती. डोंगर, झाडं, संध्याकाळी बोलायला माणूस नाही. जळगावची गाडी आता आठवड्याला सुद्धा जमेना. आत्मपरीक्षण म्हणाल तर भरपूर झालं. रोज डोळे मिटून बसायचो, श्वास बघायचो, आणि रोज एकच प्रश्न समोर येऊन बसायचा, तो काही सोडून देता यायचा नाही: सगळं धुळं कानाशी ओरडत असताना झाडाखाली तोंड उघडलं नाहीस, मग केबिनमध्ये दोन मिनिटं गप्प बसायला तुला काय झालं होतं?