तीन पायांचा मयत

कपडे अर्धे चोळून झाले होते, तेवढ्यात झिल्फामावशी दारात आली. टबात डोकावून म्हणाली, "हे धुणं म्हणायचं की भिजवण?"

खरंच होतं ते. उकळल्याशिवाय मळ्यातला मळ निघत नाही, आणि वस्तीतला एकुलता एक मोठा बिडाचा हंडा मावशीचा. तो कबरीत होता.

अमेरिकेतल्या उत्तर-दक्षिण लढाईत उत्तरेची फौज आमच्या जॉर्जियातून गेली. आमची गुलामी तिने संपवली, त्याबद्दल प्रभूचे आभार. पण वाटेत दिसेल ते भांडं आणि कोंबडी ती उचलत होती. मावशीने हंडा कबरस्तानात पालथा पुरला. आमच्यात कबरीवर मयताची फुटकी भांडी ठेवतात, तशी वर एक फुटकी कप-बशी ठेवली, आणि नवरा जेरेमाया गेला म्हणून असा गळा काढला की शिपायांनी टोप्या काढल्या. मावशीचं लग्न कधी झालंच नव्हतं.

पुढे लुटारूंच्या भीतीने हंडा तिथेच राहिला. मग नवे पाद्री ओबादाया आले आणि दर रविवारी त्या कबरीपाशी 'भाऊ जेरेमाया'साठी प्रार्थना करू लागले.

आता मावशीला स्टेशनजवळच्या खानावळीचं धुणं मिळालं होतं, सोमवारपासून. हंडा नसेल तर काम दुसरीला, आणि मावशी पुन्हा जुन्या मालकाच्या कापसात.

"पाद्रीबाबांना सांगून टाक," मी म्हटलं.

"काय सांगू? इतके रविवार भांड्यासाठी गुडघे टेकलेत म्हणून?"

शेवटी मीच तिला त्यांच्याकडे घेऊन गेले. कबर उकरायची आहे, एवढंच ती बोलली.

"मयताची झोप मोडू नये, बाई," पाद्री म्हणाले.

"झोपलाय कुठे? पालथा घातलाय मी त्याला."

"दुःखाने माणूस काहीही बोलतो."

"बाबा, त्याला तीन पाय आहेत."

पाद्रीबाबांनी माझ्याकडे पाहिलं. मी खोटं बोलत नाही हे त्यांना माहीत आहे.

"आणि दोन कान," मी म्हटलं.

फावडं त्यांनी स्वतःच घेतलं. पालथ्या हंड्याचे तीन पाय वर दिसताच सवयीने टोपी काढली, मग ओशाळून पुन्हा घातली.

"म्हणजे माझ्या सगळ्या प्रार्थना वाया गेल्या?"

"वाया कशा?" मावशी म्हणाली. "गुलामीत आम्ही चोरून भजनं म्हणायचो, तेव्हा हाच दाराशी पालथा घालायचो, आवाज मालकाच्या हवेलीपर्यंत जाऊ नये म्हणून. प्रार्थना ऐकायची त्याला सवय आहे."

पाद्री हसले, आणि हंड्याचा एक कान धरून चालू लागले. मावशीने कप-बशी एप्रनला पुसून माझ्या हातात दिली.

"तू चूल पेटव. काठ गंजलाय, मी ओढ्यावरून घासायला वाळू घेऊन येते."