खालची शिवण

वेल्डिंगच्या जळक्या वासात काजूच्या बोंडांचा आंबूस गोडवा मिसळला, की मला पार्से गावातल्या शाळेचा, आमच्याच कार्यालयाने आखलेला सज्जा आठवतो. त्याची तुळई दोन लोखंडी चॅनेल समोरासमोर जोडून पेटीसारखी केली होती. वरची शिवण चकचकीत, खालची मात्र न सांधता, फटीत रंगाऱ्याची लांबी भरून रंगवलेली. माझ्या नखाने ती लांबी भुसभुशीत निघून आली. "खालसून कोण बघता गे बाय?" तुळई बनवणारा फॅब्रिकेटर हसला. कार्यालयात परतून मी सॉफ्टवेअरमध्ये तुळईचा छेद पुन्हा काढला, खाली केसभर फट ठेवली, आणि बाहेर आलेल्या सज्ज्याच्या ओझ्याचा पीळ ती किती सोसेल हे सांगणारा आकडा जवळजवळ शून्यावर कोसळला. साहेबांनी पडद्याकडे पाहिलेही नाही. "रेषा जोड आणि सही कर. कविता घरी करायच्या." साहेबांकडे आलेला फॅब्रिकेटर दारातून म्हणाला, "लोखंड काय तुझ्या कंप्युटराक भिता?" मी नकाशाच्या कागदाची नळी चिकटवून पिळली, ती ताठ राहिली. मग ती उभी चिरून पिळली, तर लुळी पडली. तीच नळी घेऊन मी मुख्याध्यापिकांकडे गेले, आणि त्यांनी सज्ज्याच्या दाराला कुलूप घातले. खालची शिवण आठवड्याभरात सांधली गेली. माझी खुर्ची त्याआधीच गेली. आज त्या सज्ज्यावर मुली दोरीच्या उड्या मारतात, आणि धारगळच्या रस्त्यावर साहेब समोरून आले, तर मी अजूनही मान दुसरीकडे वळवते.