नव्व्याण्णव टक्क्यांवर

आधी काकांचं लिहितो, मग गाडीचं. उरणकडच्या मिठागरवाल्या घरातले हे काका. "माझा नाव टाकू नको," असं त्यांनी बजावलंय, म्हणून नुसतं काका. पनवेलच्या इलेक्ट्रिक गाडीवाल्यांच्या क्लबात वयानं सगळ्यांत मोठे. ते भेटले नसते तर मी केव्हाच हिंगोलीकडे, गावाला परतलो असतो.

मी नववीत शाळा सोडली. बरीच वर्षं दुसऱ्यांच्या गाड्या चालवून एक जुनी इलेक्ट्रिक गाडी घेतली, भाडी मारायला. सुकापुरात खोली घेतली आणि बायकोला सांगितलं, जूनमध्ये पोरीला घेऊन ये, इथल्या शाळेत घालू. स्वभाव मुळातच घाबरट. बॅटरी पूर्ण भरली की लवकर मरते, असं एका व्हिडिओत ऐकलं, तेव्हापासून ऐंशी टक्क्यांच्या वर कधी जाऊ दिली नाही. रस्त्यात बंद पडेल म्हणून चाळीसच्या खालीही नाही. चहाला थांबलो तरी दहा मिनिटं वायर लावायचो. फार जपत होतो.

मे महिन्यात रोडपालीजवळ, मागं प्रवासी बसलेला असताना, आकडा बेचाळीसवरून एकदम सातवर आला. प्रवासी रिक्षा करून गेला. गॅरेजवाला म्हणाला, "बॅटरी गेली. विकून मोकळा हो." गाडी गेली तर खोली गेली, पोरीची शाळा गेली. चार्जिंग स्टेशनवर वायर लावून मी कठड्यावर बसलो.

शेजारच्या गाडीतून काका उतरले. "कोन मेला का रं?"

सगळं सांगितलं. त्यांनी एकच विचारलं, "शंभर कवा केलीस?"

"कधीच नाही."

काका हसायलाच लागले. "अरं, टाकी एकदा पन भरली नायस, मंग तिला कसा कलनार, भरलेली म्हंजे किती? बॅटरी नाय गेली. काटा येडा झालाय. शनवारी घरी ये."

शनिवारी सकाळी त्यांच्या अंगणात साध्या प्लगवर गाडी लावली. आजाऱ्याजवळ बसावं तसा मी दिवसभर बसून. दुपारी चारला आकडा नव्व्याण्णववर आला आणि तिथंच अडला. दीड तास हलेना. आता जळते की काय, म्हणून हात प्लगकडे गेला.

"हात लावलास तर जेवन नाय," काका झोपाळ्यावरून म्हणाले. "तिला मोजू दे."

दिवेलागणीला शंभर दिसलं. मग काकूंनी बोंबलाचं कालवण वाढलं.

पण खरं कळणार होतं रविवारी. क्लबाची रीत अशी, की ज्या गाडीवर शंका, तिच्यात चार सभासद बसवायचे, एसी चालू ठेवायचा आणि खंडाळ्यापर्यंत घाट चढवायचा. खोपोलीला टक्क्यांच्या आकड्यावर कागद चिकटवतात. ड्रायव्हरनं रस्ता बघायचा, आकडा नाही. पुढं काका, मागं दोन इंजिनियर आणि दातांच्या डॉक्टर मॅडम.

"भाऊ, माझे पेशंटसुद्धा इतका घाम गाळत नाहीत," मॅडम म्हणाल्या.

"एसी वाढवा मग," एक इंजिनियर म्हणाला. "सगळ्यांनी अंदाज सांगा. वर किती उरेल?"

कुणी पन्नास म्हणालं, कुणी पंचावन्न. मी म्हणालो, "दहा."

"वर पोचल्यावर याला पयला पानी पाजा," काका म्हणाले.

प्रत्येक वळणावर वाटायचं, आता थांबली. थांबली नाही. खंडाळ्याला काकांनी नखानं कागद सोलला. एकसष्ट. मी दोनदा वाचलं. उतरताना तर कागद नव्हता आणि आकडा वाढत होता, बासष्ट, त्रेसष्ट, चौसष्ट. पनवेलला शिरलो तेव्हा सेहेचाळीस टक्के शिल्लक होते आणि वाटेत एकदाही आकड्यानं उडी मारली नव्हती. जिथून निघालो त्या मैदानावर थांबलेल्या सभासदांनी टाळ्या वाजवल्या. मी गाडीतूनच बायकोला फोन लावला. म्हणालो, सामान बांध.

पुढच्या रविवारी नव्या सभासदांना समजावून सांगायला क्लबानं मलाच उभं केलं.  मी सांगितलं, की माझ्यासारखी बॅटरी असेल तर अधूनमधून पूर्ण भरा, भीतीपोटी अर्धवट ठेवू नका. एक प्राध्यापक वहीत लिहून घेत होते. नववीतून घरी बसलेल्या माणसाचं बोलणं. जूनमध्ये पोरगी शाळेत गेली, पहिल्या दिवशी याच गाडीतून.

काका याचे पैसे-बिसे काही घेत नाहीत. विषय काढला की शेंगांच्या टरफलासारखा उडवून लावतात. पण त्यांचं वय झालंय, संध्याकाळी समोरून दिवे आले की आता गाडी कडेला घेतात. ज्या दिवशी त्यांना स्टिअरिंग सोडावं लागेल, त्या दिवसापासून त्यांचा ड्रायव्हर मी. म्हणतील तिथं नेईन, म्हणतील तितका वेळ थांबेन. हे मी फेडणार.