वाचू दे तिला

आमच्या शाळेत पेपर वाटून झाला तरी कुणी पेनाचं टोपण काढत नाही. पेपर बाकावर पालथा, हाताची घडी. आधी बाई सगळे प्रश्न मोठ्यानं वाचून दाखवतात आणि मग म्हणतात, "हं, करा सुरुवात." महाळुंग्यातल्या या सातवीपर्यंतच्या शाळेत मी रुजू झाले त्याच्या आधीपासून हे चालत आलंय, आणि मीही ते चालू ठेवलं. माझ्या वर्गातली निम्मी पोरं परभणी, जालना, बीडकडची. आईबाप इथल्या कंपन्यांत कामाला. पुस्तकातली मराठी त्यांच्या कानावर पहिल्यांदा पडते ती माझ्याच तोंडून. कानाला ओळखीची झाली की मग ती डोळ्यांना वाचता येते. याला कुणी लाड म्हणत असेल तर खुशाल म्हणो.

त्या वर्षी सातवीत एक मुलगी होती. वडील गाड्यांचे पत्रे दाबणाऱ्या प्रेस शॉपमध्ये ठेकेदाराकडे, आई एका कंपनीच्या कँटीनमध्ये पोळ्या लाटायची. मी फळ्यावर गणित लिहून वळेपर्यंत हिचं उत्तर तयार असायचं, आणि वर "बाई, अजून एक द्या ना" हा हट्ट. मला आगाऊ पोरं आवडतात. गरीब गायी सांभाळायला मी मास्तरीण झालेली नाही.

आठवीसाठी तिनं चाकणच्या हायस्कूलात नाव घातलं. तिथं जूनमध्ये सगळ्या नव्या मुलांची एक चाचणी घेतात आणि त्यावरून तुकड्या पाडतात. हुशार मुलं अ तुकडीत, तिथं गणित आणि विज्ञान इंग्रजीतून. सगळ्यात कच्ची ड मध्ये. वडिलांनी मला आधीच सांगून ठेवलं होतं, "बाई, अ लागली तर रोज बसनं धाडतो. नाही लागली तर त्या ट्रकांच्या गर्दीतून लेकराला कशाला पाठवू? गावाकडं आजीपाशी ठेवतो." त्यांच्या त्या गावची शाळाही सातवीपर्यंतच होती. हे त्यांनाही माहीत होतं आणि मलाही. अ तुकडी नाही तर पुढची शाळाच नाही, असा तो सरळ हिशेब होता.

मी निर्धास्त होते. ही पोरगी अ मध्ये जाणार नाही तर कोण जाणार?

तुकड्या लागल्या त्या दुपारी बापलेक माझ्या वर्गाच्या दारात उभे राहिले. वडील पहिली शिफ्ट संपवून तसेच आलेले, अंगात कंपनीचा शर्ट. "ड लागली, बाई," ते म्हणाले. आवाजात राग नव्हता, आणि त्याचीच मला भीती वाटली. त्यांचं मनाशी ठरून गेलं होतं.

मी मुलीला विचारलं, "पेपर अवघड होता?"

"नाही बाई. आम्ही थांबलो होतो."

"कशासाठी?"

"वाचून दाखवतील म्हणून."

मग हळूहळू सगळं बाहेर आलं. वर्गावरच्या सरांनी पेपर वाटले आणि ते खुर्चीत बसून आपलं काहीतरी तपासत राहिले. आमच्या शाळेची पोरं वेगवेगळ्या बाकांवर, पण सगळ्यांनी पेपर पालथा ठेवला, हाताची घडी घातली आणि वाट बघितली. बाकीची मुलं लिहीत होती, तर हिला वाटलं ती याच शाळेतली जुनी मुलं, त्यांना आधीच वाचून दाखवलं असेल. शेवटी धीर करून तिनं पेपर उलटला. दोन गणितं होईपर्यंत घंटा वाजली.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. अख्ख्या वर्गात सगळ्यात शिस्तीत बसलेली पोरं यांनी मठ्ठ ठरवली होती. आणि ती हाताची घडी घालून का बसलीत, हे विचारायला कुणाची जीभ उचलली नव्हती.

"चला," मी म्हणाले. शाळा सुटल्यावर मुलीला स्कूटीवर मागे घेतलं, वडील त्यांच्या गाडीवर आमच्या मागून. कंपन्यांच्या बसगाड्यांमधून वाट काढत चाकणला पोहोचेपर्यंत मी काय काय बोलायचं ते घोकत होते, आणि शिक्षकखोलीत शिरल्यावर त्यातलं काहीच आठवलं नाही.

तुकड्यांचं काम बघणारे पर्यवेक्षक तिथं बसले होते, तरुण, वागायलाही सभ्य. सगळं ऐकून घेऊन हसले. "मॅडम, तुम्ही प्राथमिकवाले मुलांना घास भरवत राहता. हायस्कूलात आपल्या हातानं जेवावं लागतं."

"जेवेल की. हात आहेत तिला," मी म्हणाले. "पण पाहुणं लेकरू पानावर बसलं की घरचं माणूस 'सुरू कर गं' म्हणतं. तेवढंही तुमच्याकडं कुणी म्हणालं नाही."

"एकीचा पेपर पुन्हा घेतला तर उद्या सगळे येतील."

"येतीलच. आमच्या शाळेची बाकीची मी स्वतः घेऊन येते." मी त्यांच्या समोरची खुर्ची ओढली आणि बसले. "पेपर दिल्याशिवाय मी इथून उठत नाही, सर. तुम्हाला कुलूप लावायचं असेल तर मला आत ठेवून लावा."

त्यांनी आजूबाजूला बघितलं. दोन-तीन शिक्षिका घरी निघायच्या गडबडीत होत्या, त्या पर्स खांद्याला लावून तशाच थांबल्या. अखेर त्यांनी कपाटातून दुसरा पेपर काढला आणि कोपऱ्यातल्या टेबलावर ठेवला. "घे."

ती बसली. पेपर पालथा ठेवला, हाताची घडी घातली आणि माझ्याकडे बघितलं.

माझ्या ओठांवर आलं होतं, "प्रश्न पहिला." इतक्या वर्षांची सवय. पर्यवेक्षक माझ्याचकडे बघत होते. मी वाचलं असतं तर त्यांचंच म्हणणं खरं ठरलं असतं. मी खुर्ची फिरवली आणि खिडकीबाहेर सायकलींकडे बघत बसले. मनात तिला शिव्या घालत होते, उलट की गं तो पेपर, उलट.

कागद वाजला. आणि मग खोलीभर आवाज घुमला. "प्रश्न पहिला! खालीलपैकी कोणतेही चार सोडवा!"

अगदी माझ्याच चालीवर. "कोणतेही"वर जोर, "चार"नंतर दम. पर्स लावलेल्या एका बाई फिसकन हसल्या.

"मनात वाच," पर्यवेक्षक म्हणाले.

"वाचू दे तिला," मी पाठमोरीच म्हणाले.

ती थांबलीच नाही. शेवटच्या प्रश्नापर्यंत खणखणीत वाचलं, स्वतःलाच म्हणाली, "हं, करा सुरुवात," आणि पेनाचं टोपण काढलं. माझे डोळे भरून आले. सायकली दिसेनाशा झाल्या, तरी मी तिकडंच बघत राहिले.

निकाल सांगून टाकते. ती अ मध्ये गेली. दुसऱ्या दिवशी बाकीच्यांनाही नेलं, त्यातली बरीच वर सरकली. माझ्या सातवीला दिवाळीपर्यंत मी अजूनही वाचून दाखवते. दिवाळीनंतर ज्यानं त्यानं आपलं आपण वाचायचं, पहिल्यांदा मोठ्यानं, मग पुटपुटत, मग मनात. ओठ हलतात, हलू देत. आणि जूनच्या चाचणीआधी मी हायस्कूलात जाऊन सांगून येते की पेपर वाटल्यावर "करा सुरुवात" एवढं म्हणा, त्याला पैसे पडत नाहीत. म्हणतात आता. कुरकुरत म्हणतात.

पण त्या संध्याकाळचं शेवटचं सांगायचं राहिलं. पर्यवेक्षकांनी लाल पेन काढून पेपर तपासायला घेतला, तेव्हा इतका वेळ दाराशी चप्पल काढून उभे असलेले वडील आत आले.

"सर, बसचा पास कुठं निघतो?"

"अहो, पेपर तर तपासू द्या. तुकडी कुठली ते ठरायचंय अजून."

"तुम्ही ठरवा निवांत," ते म्हणाले. "पास कुठं निघतो तेवढं सांगा."