दहा मिनिटांत बसवलेला पाठ

प्रश्न विचारला की बाई तळहात आडवा धरायच्या, हात करून एसटी थांबवावी तसा. बाकीच्या पोरांनी मध्ये बोलायचं नाही, मीसुद्धा नाही. "थांबा. गेलंय ते, यील," असं हळूच म्हणायच्या.

कुठं गेलंय, हे मला पहिल्या दिवशी कळलं नाही. मी आष्ट्याचा, लग्नाचं शूटिंग करणारा माणूस. चांगल्या शिक्षकांचे पाठ चित्रित करून बाकीच्या शिक्षकांना प्रशिक्षणात दाखवायचे ठरले आणि कुणाच्या तरी ओळखीनं ते काम माझ्याकडं आलं. मांडवात नवरीला "जरा हसा" म्हणायची माझी सवय. जत तालुक्यातल्या त्या सीमेवरच्या शाळेतही मी पोरांना तेच म्हणालो. बाईंनी माझ्याकडं असं बघितलं की मी गुपचूप कॅमेऱ्यामागं गेलो.

"आवं दादा, ही पोरं घरी कन्नड बोलत्यात," जेवणाच्या सुट्टीत त्यांनी मला समजावलं. "मी मराठीत इचारलं की प्रश्न त्यांच्या घरला जातो. तिथनं उत्तर घिऊन परत मराठीत यायचं, म्हंजी येळ लागणारच की. आमच्या मास्तर लोकांना तेवढाबी दम निघत न्हाई."

दुपारी त्यांनी तिसरीतल्या महादेवीला उभं केलं. धनगराची पोर, तेल लावून चापून बसवलेल्या दोन वेण्या. बाईंनी विचारलं, "आज टँकर आला नाही. घरात एकच घागर पाणी आहे. काय करशील?"

महादेवी गप्प. नजर छताच्या पत्र्याकडं, ओठ नुसते हलत होते. माझा कॅमेरा चालू, आणि मला घाम फुटलेला. लग्नात एवढ्या वेळात एक मंगलाष्टक म्हणून झालं असतं. बाईंचा तळहात मात्र जागचा हलला नाही. शेवटी पोर म्हणाली, "पयला आजीला. मग कोकराला. उरलं तर मी." तेव्हा तिचा चेहरा जसा उजळला तसा एकाही नवरीचा मला आजवर टिपता आलेला नाही, आणि हे मी धंद्याच्या अनुभवावरून सांगतो.

पाठ दहा मिनिटांत बसवायचा होता. काटछाट करताना हे काम देणारे शिक्षण खात्यातले साहेब माझ्या दुकानात शेजारी खुर्ची टाकून बसले. "ती मुलगी नुसती उभी आहे, तेवढं काढा. बघणाऱ्याला वाटेल टीव्ही बंद पडला."

मी म्हटलं, "साहेब, बाई म्हणतात, खरं शिकणं तिथंच चाललंय."

"बाई काय म्हणतात ते राहू द्या. घड्याळ बघा."

तेवढं निघालं. आता बाई विचारायच्या आणि महादेवी फाडकन उत्तर द्यायची. साहेब खूश होऊन दोन चहा पिऊन गेले.

पाठ गाजला. सांगलीत दाखवला, मग शेजारच्या जिल्ह्यानं मागून नेला. कराडच्या प्रशिक्षणात बाईंना मुद्दाम पुढं बसवलं होतं आणि प्रोजेक्टर चालवायला मी होतो. त्यांनी तो पाठ पहिल्यांदा तिथं पाहिला. संपल्यावर उभ्या राहून म्हणाल्या, "हा माझा पाठ न्हाई." सभागृहाला वाटलं, काय हा साधेपणा! टाळ्यांचा कडकडाट झाला. बाई तशाच उभ्या, आणि टाळ्या काही थांबेनात. अशी विचित्र फजिती मी दुसऱ्या कुणाची पाहिली नाही.

मग शाळांना टीव्ही मिळाले आणि बाई प्रशिक्षणाला गेल्या असताना शाळेतल्या दुसऱ्या गुरुजींनी कौतुकानं तो पाठ बाईंच्याच वर्गात लावला. सगळी शाळा महादेवीवर खूश.

पुढच्या महिन्यात भर दुपारी दोन गाड्या बदलून बाई माझ्या दुकानात आल्या. चहा नको म्हणाल्या.

"महादेवी उठंना झालीया," त्या म्हणाल्या. "इचारलं की पोरं वरडत्यात, टीव्हीत तर लगीच सांगितलंस की! आता तिला इचार करायची लाज वाटाय लागलीया. तुमच्याकडं ते सगळं न कापल्यालं असंल तर द्या."

होतं माझ्याकडं, दिलं. बाईंनी ते वर्गात लावलं, आणि झालं भलतंच. ती गप्प उभी राहिलेली दिसताच पोरं हसत सुटली, "अडकली, अडकली!" महादेवी पळाली ती परत आली नाही. फोनवर हे सांगताना बाईंचा आवाज इतका बारीक झाला होता की मला दोनदा "काय?" म्हणावं लागलं. पाठ दाखवणं बंद करा, असं त्या साहेबांना सांगायला गेल्या. साहेब म्हणाले, "एका मुलीसाठी एवढा चांगला पाठ बंद करायचा?" तुम्ही-आम्ही तरी त्या खुर्चीत बसून वेगळं काय म्हटलं असतं, कोण जाणे. मला मात्र बाईंसाठी फार वाईट वाटलं.

दिवाळीनंतर महादेवी मेंढरांमागं गेली. उन्हाळ्यात बाई निवृत्त झाल्या. आता बाई हयात नाहीत. पाठ आहे. नव्या शिक्षकांना दाखवतात, टाळ्या पडतात.

आमची शेवटची भेट जतच्या स्टँडवर झाली होती. मी एका लग्नाहून परतत होतो. बाई बाकावर बसल्या होत्या, चपला धुळीनं भरलेल्या. मेंढरं गावाजवळ आल्याचं कळलं म्हणून महादेवीला भेटायला गेल्या होत्या.

"म्हटलं, चल शाळंत," त्या सांगू लागल्या. "माजी नोकरी संपली, पर मी रोज येऊन तुज्याशेजारी बसते. तू म्हणशील तितके दिवस बसते."

"मग काय म्हणाली?"

बाईंनी पदरानं तोंड पुसलं.

"म्हणाली, शाळंत ती टीव्हीतली महादेवी हाय की. तिला इचारा."

बाईंची गाडी लागली. मी त्यांची पिशवी उचलली आणि आम्ही दोघं गाडीच्या दाराकडं गेलो.