लॅबचा सर्व्हर आणि थांबाताई

इस्पितळाच्या कॉम्प्युटर विभागात तिला सगळे थांबाताई म्हणत. तोंडावर नाही, पण तिला ते पक्कं ठाऊक होतं. दर महिन्याला एका रविवारी प्रत्येक सर्व्हरवर नव्या सुधारणा चढवायच्या आणि तो बंद करून पुन्हा चालू करायचा, हे तिचं काम. पण नुसता चालू झाला म्हणून बाई पुढच्याकडे वळेल तर शपथ! सर्व्हर ज्या विभागाचा, तिथे फोन लावायची. तिथल्या माणसाने काम करून पाहून "चाललंय" म्हटलं, की मगच पुढचा. तोवर सगळ्यांनी थांबा. सासूबाई शेजारणींना कौतुकाने सांगत, "आमची सून मशिनं झोपवते नि उठवते. माझ्या लेकाला उठवणं तेवढं अजून जमलेलं नाही तिला."

त्या रविवारी साहेबांनी आधीच बजावलं होतं, "दुपारच्या आत सगळे सर्व्हर उरकले नाहीत, तर हे काम बाहेरच्या कंपनीला देणार. ते एका झटक्यात करतात." या कामावर तिचा जीव होता.

लॅबचा सर्व्हर बंद झाला, उठला. पडद्यावर सगळं हिरवंगार. "झालं ना? चला पुढे," साहेब म्हणाले. तिने लॅबला फोन लावला.

"अगं, रिपोर्ट वॉर्डात पोचतच नाहीये," तिथल्या बाई म्हणाल्या.

"थांबा," ती साहेबांना म्हणाली. साहेबांचा पारा चढला. तिने मात्र मान खाली घालून शोधायला सुरुवात केली. रिपोर्ट पाठवणारा प्रोग्राम मध्यंतरी कुणीतरी नवा बसवला होता. हाताने सुरू केला आणि गेला निघून. सर्व्हर उठला की त्यानेही आपोआप उठावं, ही सोय करायचीच राहिली होती. तिने ती केली. आणि खात्री करायला सर्व्हर पुन्हा बंद केला.

"पुन्हा?" साहेबांनी कपाळाला हात लावला.

सर्व्हर उठला. लॅबमधून फोन आला, "पोचला गं पोचला!" तोवर दुपार कधीच टळली होती. उरलेले सर्व्हर तिने संध्याकाळपर्यंत केले, एकेक करून, फोन लावून.

दुसऱ्या दिवशी मीटिंगमध्ये मोठ्या डॉक्टरांनी विचारलं, "काल एवढा उशीर कुणामुळे झाला?"

"माझ्यामुळे," ती ताठ उभी राहून म्हणाली.

"आणि पुढच्या महिन्यातही होईल," साहेब म्हणाले. "काम यांच्याकडेच आहे."